दुसऱ्या मजल्यावरची चौकट

मला नाटकातलं फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चेन्नईतल्या मराठी मंडळींत माझी ओळख नाटकवाला बिल्डर अशी आहे. दर वर्षी कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकतं आणि रंगभूमीच्या सेवेबद्दल चार शब्द बोलतं. बायको ते पहिल्या रांगेत बसून मुकाट्याने ऐकून घेते आणि घरी आल्यावर विचारते, दुसऱ्या अंकात तुम्ही घोरत होतात, तीसुद्धा सेवाच का?

या शहरात मी साइट इंजिनिअर म्हणून आलो तेव्हा पंचविशीत होतो आणि मिरजेच्या बाहेरचं जग फारसं पाहिलेलं नव्हतं. तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये खोली मिळाली. मॅन्शन हे नाव मोठं, पण ती होती एकट्या पुरुषांना एकेक खोली भाड्याने देणारी चार मजली इमारत. संडासापुढे रांग आणि गच्चीवर वाळत घातलेल्या लुंग्या. तिथे बँकेतले, रेल्वेतले असे आम्ही सात-आठ मराठी होतो आणि रविवारी त्या लुंग्यांच्या मध्ये नाटक बसवत होतो. मला हवालदाराचं काम दिलं होतं. वाक्य एकच होतं. प्रयोगाच्या दिवशी मी रंगमंचावर गेलो, सलाम ठोकला आणि तसाच उभा राहिलो. शेवटी आमचा नायक, जो एरवी बँकेत काउंटरवर बसायचा, त्याने माझं वाक्य स्वतःच म्हटलं आणि स्वतःच त्याला उत्तरही दिलं. त्यानंतर मला कुणी काम दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. पण नाटकाची माणसं मात्र सुटली नाहीत.

पुढे नोकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू केला. चेन्नईत आमच्यासारख्या लहान बिल्डरांची एक सरधोपट रीत आहे. कुणाचा तरी जुना बंगला असतो, मुलं परदेशात असतात, बाग झेपत नसते. त्यांनी जागा द्यायची, आपण इमारत बांधायची, निम्मे फ्लॅट त्यांचे आणि निम्मे आपले. माझी पहिली इमारत अड्यारला झाली, अवघ्या सहा फ्लॅटची. तिचे स्लॅब टाकून झाले तेव्हाच नाटकवाल्यांची तालमीची जागा गेली. ते रडकुंडीला येऊन माझ्याकडे आले. मी त्यांना दुसऱ्या मजल्यावर नेलं. वर छत, खाली फरशी नसलेली जमीन, चार बाजूंनी वारा आणि भिंत एकही नाही. त्यांना स्वर्ग सापडला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक इमारतीत दुसऱ्या मजल्याचं वीटकाम सगळ्यांत शेवटी होतं. तिथे दोन-अडीच महिने नाटक बसतं, मग भिंती उठतात आणि मंडळी पुढच्या इमारतीत जातात. अड्यार, तिरुवान्मियूर, वेळचेरी असं करत आमचं नाटक शहराबरोबर दक्षिणेकडे सरकत गेलं. माणसंही बदलत गेली. बँकवाले आणि रेल्वेवाले निवृत्त होऊन गावी परतले. त्यांच्या जागी सॉफ्टवेअरवाली पोरंपोरी आली, मोटारींच्या कारखान्यातले इंजिनिअर आले. माझा मेस्त्री मात्र तोच राहिला. तिरुवण्णामलैकडचा, बावीस वर्षं माझ्याबरोबर असलेला, विटेचा पक्का आणि बोलायला कंजूष. तो आमच्या मंडळींना डान्स पार्टी म्हणतो. इतक्या वर्षांत त्यांच्यातलं कुणी नाचलेलं नाही, पण त्याने नाव बदललेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मी ठरल्या दिवशी ताबा देतो. या धंद्यात हे बोलणारे पुष्कळ आहेत, देणारे थोडे. याचा मला गर्व आहे, आणि बायकोच्या मते अंगात मावणार नाही इतका आहे.

पेरुंगुडीची इमारत ही माझी शेवटची. गुडघे जिने चढायला कुरकुरायला लागले होते आणि मुलीने सिमेंटऐवजी कीबोर्ड पसंत केला होता. त्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट एका बाईंनी घेतला. साठी ओलांडलेल्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. आईवडिलांना सांभाळण्यात लग्न राहून गेलं, असं त्यांनीच पहिल्या भेटीत कोरडेपणाने सांगितलं, जसं एखादी व्यक्ती आपला पिनकोड सांगते. सगळा जन्म तिरुवल्लिकेणीत भाड्याच्या घरांत काढलेला होता. घरमालकाने सांगितलं की उठायचं, दुसरं शोधायचं, अशी नऊ घरं झाली होती. हे त्यांचं पहिलं स्वतःचं. कागदांवर तमिळ रीतीप्रमाणे दोन आद्याक्षरं आणि पुढे नाव, एवढंच. बोलणं माझ्याशी तमिळमध्ये, मध्येमध्ये इंग्रजी. त्यांच्या वाध्यारांनी, म्हणजे भटजींनी, थै महिन्यातला गृहप्रवेशाचा मुहूर्त काढून दिला होता. थै म्हणजे पोंगलपासून सुरू होणारा महिना. तो हुकला तर पुढचे महिने त्यांच्या पंचांगात बरे नव्हते, थेट चैत्रापर्यंत थांबावं लागणार होतं. मी सांगितलं, मुहूर्ताच्या आधी पंधरा दिवस किल्ली तुमच्या हातात असेल.

इथे घर बांधताना आधी दाराची चौकट उभी करतात आणि तिची पूजा होते. भिंती नंतर. मोठे बिल्डर हे सगळं एका फटक्यात उरकतात, पण मी प्रत्येक घराला आपापली चौकट आपल्या हाताने उभी करू देतो. बाई वाध्यारांना घेऊन आल्या. सागवानाची चौकट हळद-कुंकवाने माखली, वर आंब्याची पानं बांधली. खाली नवधान्य गेलं. चौकट बांबूच्या टेकूवर सरळ उभी राहिली आणि तिच्या डावीकडे-उजवीकडे काही म्हणता काही नव्हतं, नुसता मोकळा मजला. बाई चौकटीच्या अलीकडे बराच वेळ उभ्या होत्या, पण आत गेल्या नाहीत. आत जायचं ते गृहप्रवेशाच्या दिवशी, असं म्हणाल्या.

त्याच मजल्यावर त्या वर्षीची तालीम चालू होती. दिग्दर्शिका तिशीची, पेरुंगुडीतल्याच एका आयटी कंपनीत टेस्टिंगचं काम करणारी, कोल्हापूरकडची आणि जिभेला धार असलेली. नाटक तिनेच लिहिलं होतं. त्यात एका म्हाताऱ्याचं घर मुलगे विकायला काढतात आणि म्हातारा घर सोडून जातो. घर विकत घेणारा खलनायक बिल्डर होता. वाचनाच्या दिवशी ती माझ्याकडे चोरून बघत होती. मी म्हटलं, बिनधास्त कर, फक्त त्याला माझ्यासारखं टक्कल नको देऊस.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी म्हातारा दारातून बाहेर पडतो, ती जागा काही केल्या जमत नव्हती. नाशिकचा, कार कारखान्यात काम करणारा आमचा नट हवेतून चालत जायचा आणि दार आहे असं कुणालाच वाटायचं नाही. मी तिथेच बसलो होतो. एकाएकी मला सुचलं, आणि मला सुचतं तेव्हा जपून राहावं असं बायको म्हणते ते उगीच नाही. मी म्हटलं, अरे, ही अस्सल चौकट समोर उभी आहे, वापरा की.

काय फरक पडला म्हणून सांगू. म्हातारा उंबरठ्यापाशी थांबला, चौकटीवर हात टेकला, मागे वळला आणि म्हणाला, “या घरात मी पुन्हा पाऊल ठेवायचा नाही. इथे दिवा लागायचा नाही.” मग बाहेर पडला. दिग्दर्शिकेने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मेस्त्री कोपऱ्यात स्लॅबवर पाणी मारत होता. त्या दिवसापासून तो त्या चौकटीतून जाणं टाळायला लागला. भिंत नव्हतीच, त्यामुळे तो बाजूने वळसा घालून जायचा. मला ते दिसलं आणि मी हसलोसुद्धा. बावीस वर्षं विटा रचणारा माणूस हसण्यावारी न्यायचा नसतो, हे मला कळायला हवं होतं.

एका संध्याकाळी बाई न सांगता आल्या. स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची मोजायची होती. जिन्यावरून वर आल्या तेव्हा नेमका दुसऱ्या अंकाचा शेवट चालू होता. म्हाताऱ्याने त्यांच्या चौकटीवर हात टेकला, त्यांच्या घराला दिवा लागायचा नाही असं सांगितलं आणि त्यांच्याच उंबरठ्यावरून रडत बाहेर पडला, तो थेट त्यांच्यासमोर. मी निवांत होतो. बाई तमिळ, त्यांना काय कळणार.

बाई माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात, तमिळ हेल काढत म्हणाल्या, “मला मराठी कळतें. अमच्या घरांत हीच भाषा. तंजावरची.”

भोसल्यांच्या काळात तंजावरला जाऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. वीस-पंचवीस वर्षांत इतका ओशाळलो नव्हतो. तिकडे नट अजून डोळे पुसत होता. हे नाटक आहे, खोटं आहे, असं काहीतरी पुटपुटलो. बाई म्हणाल्या, शब्द खोटे नसतात. मी अजून ज्या दारातून आत गेले नाही, त्यातून रोज एक माणूस शाप देऊन बाहेर जातो आहे. असं घर मला नको. हे सगळं तमिळमध्ये, न ओरडता. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी नवीन चौकट देऊ केली. त्या म्हणाल्या, पूजा झालेली चौकट बदलतात का? आणि ओट्याची उंची न मोजताच निघून गेल्या.

त्या रात्री जेवण गेलं नाही. पैशाचा प्रश्नच नव्हता, पेरुंगुडीत फ्लॅटला गिऱ्हाईक हां हां म्हणता मिळतं. पण नऊ घरं बदललेल्या बाईच्या दहाव्या घरात मी बिब्बा घातला होता, आणि तोही नाटकाच्या नावाखाली मिरवताना. बायकोने मला एक शब्द टोचला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला समजलं.

सकाळी मी तिरुवल्लिकेणीला त्यांच्या घरी गेलो. बरोबर दिग्दर्शिका होती, हट्टाने आली होती. जिन्याखालची अंधारी खोली, भिंतीवर आईवडिलांचा फोटो, आणि सामान आधीच खोक्यांत बांधून ठेवलेलं. ती खोकी पाहून दिग्दर्शिकेची धार बोथट झाली. तिने माफी मागितली, मीही मागितली. बाईंनी कॉफी दिली. मग विचारलं, तो म्हातारा किती वेळा बाहेर गेला?

आम्हाला कुठे माहीत. तीसेक, मी म्हटलं. दिग्दर्शिका म्हणाली पन्नास. मी मेस्त्रीला फोन लावला, कारण तालमीच्या वेळी तो कायम वर असायचा. त्याने क्षणभरही विचार न करता सांगितलं, त्रेचाळीस. त्याने पहिल्यापासून मोजलं होतं. मग आधी का बोलला नाहीस, असं मी खेकसलो. तो म्हणाला, तुम्ही टाळ्या वाजवत होतात.

बाईंनी कप खाली ठेवला. “त्रेचाळीस वेळां बाहेर घातलांत त्याला. तितके वेळां आंत आणा. उजवा पाय घालून, बरें बोलून. मग मी पाहीन.”

माझा जीव भांड्यात पडला. पण दिग्दर्शिका लेखिकाही होती ना. जिना उतरल्यावर ती म्हणाली, माझ्या नाटकात म्हातारा परत येत नाही, शेवटी दार रिकामं राहतं, तोच शेवट आहे. मी म्हटलं, बाई गं, तुझं नाटक तुझ्यापाशी, पण रविवारी तुझा म्हातारा त्रेचाळीस वेळा घरी येतो आहे आणि येताना काय बोलायचं ते तू लिहून आण. बसमध्ये ती माझ्यापासून चार सीट पुढे जाऊन बसली.

रविवारी सकाळी सगळे जमले. बाईंसाठी चौकटीच्या अलीकडे प्लास्टिकची खुर्ची ठेवली. मेस्त्री मोजणीला उभा राहिला. बाईंना आमच्या मोजणीवर विश्वास नव्हता आणि मेस्त्रीच्या होता. म्हातारा आला, उजवा पाय टाकला आणि वाक्य म्हटलं, “दार उघडंच ठेवलंत, बरं केलंत. दिवा लावा.” मेस्त्री म्हणाला, एक.

पहिल्या दहा-बारा वेळा हशाच पिकत होता. पंधराव्या वेळी नट थकून बसला, त्याला ताक दिलं. विसाव्या वेळी त्याचा डावा पाय पुढे पडला आणि बाईंनी ती फेरी बाद केली. पंचविसाव्यानंतर हसू ओसरलं. आमचा हा नट एरवी जरा जास्तच करतो, हातवारे आणि आवाज. पण इतक्या वेळा घरी आल्यावर त्याच्यातला नाटकीपणा गळून गेला. तो नुसताच यायला लागला. चौतिसाव्या की पस्तिसाव्या वेळी तो उंबरठ्यावर थांबला, काही बोललाच नाही, फक्त आत बघत राहिला आणि मग पाऊल टाकलं. मी दिग्दर्शिकेकडे पाहिलं. ती तोंडावर हात ठेवून रडत होती. मग तिने पर्समधून पेन काढून हातावरच काहीतरी लिहून घेतलं. नाटकाचा शेवट तिथे बदलला, हे तिने आम्हाला नंतर सांगितलं.

बेचाळीस झाल्यावर बाईंनी हात वर केला. शेवटची फेरी बिल्डरने करायची, असं म्हणाल्या, कारण चौकट त्यांनीच दिली. मंडळींना हेच हवं होतं. त्यांनी मला ढकलत पुढे काढलं. मी चौकटीशी गेलो आणि हवालदारासारखा तसाच उभा राहिलो. वाक्य गेलं. मागून कुणीही ते माझ्यासाठी म्हणेना. मग मी मनाला आलं ते बोललो. म्हटलं, चुकलं माझं, आत येऊ का? आणि उजवा पाय टाकला. बाई म्हणाल्या, याचें चांगलें झालें. चाळीस वर्षांनी का होईना, माझ्या अभिनयाला पहिली दाद मिळाली.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने वीटकाम सुरू केलं. तालीम खाली पार्किंगमध्ये गेली, तिथे गाड्यांच्या आखलेल्या पट्ट्यांमध्ये तिसरा अंक बसला. प्रयोगाला बाई आल्या, पहिल्या रांगेत बसल्या. नव्या शेवटात म्हाताऱ्याने उंबरठ्यावर थांबून आत पाऊल टाकलं तेव्हा हॉलमध्ये कुणी जागचं हललं नाही. मीही जागा होतो, याची नोंद बायकोने मुद्दाम घेतली.

ताबा ठरल्या दिवशी दिला. तरीही मला धाकधूक होती, कारण बाईंनी ‘मी पाहीन’ एवढंच म्हटलं होतं, हो म्हटलं नव्हतं. किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली आणि घर न बघताच गेल्या. थैतला मुहूर्त आला. सकाळी खाली पार्किंगमध्ये गाय-वासरू आणलं होतं, त्यांना जिना चढवणं शक्य नव्हतं म्हणून पूजा तिथेच झाली. वर जिन्यात त्यांचे थोडे नातेवाईक, कचेरीतल्या दोन मैत्रिणी आणि आमची सगळी नाटक मंडळी दाटीवाटीने उभी होती. बाई आईवडिलांचा फोटो छातीशी धरून दारासमोर आल्या आणि थांबल्या. वाध्यार घाई करायला लागले. बाई हलेनात. मला वाटलं, संपलं.

त्यांनी मला जवळ बोलावलं. “ह्या अस्कींना आधीं आंत उभें करा.” अस्कीं म्हणजे सगळे, आणि त्यांचा हात आमच्या नाटक मंडळींकडे होता. मी म्हटलं, पहिलं पाऊल मालकिणीचं पडायला हवं. वाध्यारही तेच म्हणाले. त्या म्हणाल्या, “अम्मा गेली, त्यास बारा वर्षें झालीं. दार उघडायचें मीं, आंत जायचें मीं. घरांतून अमच्या भाषेंत ‘ये’ म्हणायला कोणी नाहीं. आज एकदां ऐकूं दे.”

मंडळी एकेक करून आत गेली आणि ओळीने उभी राहिली. साठीच्या बाईला ‘ये’ म्हणायला कुणाची जीभ उचलेना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग दिग्दर्शिका पुढे झाली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, “ये गं. आत ये.” तिच्यामागून नाशिककर म्हणाला, मग मंडळींतली नागपूरची एक मुलगी म्हणाली, मग सगळेच म्हणायला लागले. मी दाराबाहेर होतो, तरी मीही म्हणत होतो. बाईंनी फोटो सरळ धरला, उजवा पाय उचलला आणि आपल्या घरात गेल्या.